टेन्सेस पाठ आहेत, पण तोंड उघडलं की 'यस्टरडे आय गो'

प्रश्न : ताई नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते आणि घरीच संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्लिशची बॅच घेते, सोमवार ते शुक्रवार. अकरा जण आहेत, बीकॉमच्या मुली, एक नर्स, दोघं बँकेच्या परीक्षेवाले, एक मुलगा राजवाड्याजवळ वडिलांच्या साडीच्या दुकानात बसतो. निम्मे मराठी घरचे, निम्मे हिंदी. बिगिनर कुणीच नाही, गाळलेल्या जागा दिल्या तर वीसपैकी अठरा बरोबर. पण 'काल काय केलंस' विचारलं की 'यस्टरडे आय गो टू मार्केट'. टेन्सेस तीनदा शिकवून झाले, परत पहिल्यापासून घेऊ का? वर्गात हिंदी-मराठी बंद करू का? वह्या तपासता तपासता रात्रीचे अकरा वाजतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका परत. वर एका मुलीची आई विचारून गेली, 'गप्पाच चालतात, ग्रामर कधी घेणार?' आणि एक मुलगी कॉन्व्हेंटची आहे, बाकीच्यांच्या खूप पुढे, तिचं काय करायचं तेही सांगा.

उत्तर : अहो ताई, टेन्सेस चौथ्यांदा अजिबात घेऊ नका. मुलांना नियम येतोय, अठरा मार्क काही उगाच पडत नाहीत. पण गाळलेल्या जागेत काय असतं बघा, वाक्यात 'यस्टरडे' छापलेलं, कंसात क्रियापद दिलेलं, विचार करायला हवा तेवढा वेळ, मुलाला फक्त 'गो'चं 'वेन्ट' करायचं असतं. बोलताना यातलं काहीच कुणी हातात देत नाही, काय सांगायचं ते त्यानंच शोधायचं, शब्द आठवायचे, समोरचा हसेल का याची धास्ती, आणि या सगळ्या धांदलीत 'वेन्ट' मागे राहून जातं. लर्निंग लायसन्सच्या टेस्टमध्ये सगळी चिन्हं बरोबर ओळखली म्हणून कुणी संध्याकाळी सात वाजता राजवाड्यावरून गाडी काढू शकतो का, तसंच आहे हे.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. मुलांना कालच्या दिवसाबद्दल दहा ओळी लिहायला सांगा, मग तुम्ही चुकीच्या शब्दाखाली नुसती पेन्सिलची रेघ ओढा, काही लिहू नका, आणि वही परत द्या. ज्या चुका मुलं स्वतः दुरुस्त करतात ते त्यांना येतंय, तिथे फक्त सराव हवा. रेघ ओढूनही जे दुरुस्त होत नाही तेच तेवढं शिकवायचं राहिलंय. माझा अंदाज, 'गो'-'वेन्ट' सगळे दुरुस्त करतील आणि 'ए'-'द' आणि 'सिन्स'-'फॉर'वर गाडी अडकेल. म्हणजे तीनदा जे शिकवलं ते शिकवायची गरज नव्हती आणि जे हवं होतं त्याला वेळच उरला नाही, असं बऱ्याच क्लासेसमध्ये होतं, तुमच्या एकटीचं नाही.

माझं खरं म्हणणं असं की तुमच्या वर्गात प्रत्येक गोष्ट एकदाच होतेय. मूल एकदा बोलतं, चुकतं, तुम्ही सांगता, पुढचा नंबर. निबंध एकदा लिहिला, लाल पेन, मार्क, पुढचा निबंध. दुसऱ्यांदा तीच गोष्ट सांगायची संधीच कुणाला मिळत नाही, आणि मिडल लेव्हलच्या मुलांना नेमकी तीच पाहिजे असते. पहिल्यांदा बोलताना सगळं डोकं 'काय सांगू' यातच अडकलेलं असतं. दुसऱ्यांदा मजकूर तयार असतो, मग 'कसं सांगू'कडे लक्ष द्यायला जागा होते.

याची एक जुनी पद्धत आहे, फोर-थ्री-टू म्हणतात तिला, १९८३ मध्ये कीथ मॉरिस यांनी ती मांडली आणि पुढे न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे सगळीकडे पोचली. जोड्या करायच्या, एकानं चार मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. मग जोडीदार बदलायचा, तीच गोष्ट, पण तीन मिनिटांत. परत बदलायचा, दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा, त्यामुळे 'हे तर सांगून झालं' असं वाटत नाही. तुमच्याकडे अकरा आहेत तर एक तिघांचा गट करा आणि हॉल लहान असेल तर दोन जोड्या गॅलरीत काढा, कलकलाट होणारच, होऊ द्या. शेजारी काय म्हणतील ते मी आताच सांगू शकते, पण सातच्या सुमाराला सगळ्यांचे टीव्ही चालू असतात.

फक्त एक गोष्ट सांभाळायची, नुसतं तीनदा बोलायला लावलं तर मुलं वेग पकडतात पण चुकाही तशाच्या तशा तीनदा म्हणतात, आणि मग त्या जास्त पक्क्या होतात. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधे दोन मिनिटं तुमची. समजा तुमचा साडीवाला मुलगा दिवाळीतल्या गिऱ्हाइकाचा किस्सा सांगतोय, 'वन लेडी कम इन शॉप, शी सी फिफ्टी साडी, आय ओपन ऑल, देन शी से आय विल कम टुमारो'. तुम्ही हिंडत हिंडत ऐकायचं, मधे बोलायचं नाही, हातातल्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. चार मिनिटं झाली की बोर्डावर तीन वाक्यं लिहा, तीन वेगवेगळ्या मुलांची, नाव कुणाचंच नाही, आणि फक्त विचारा, 'ही गोष्ट कधीची आहे?' कुणीतरी 'दिवाळीची' म्हणेल, आणि लगेच दोघं-तिघं 'केम, केम' ओरडतील. बस, यापुढे लेक्चर नाही. दुसऱ्या फेरीत तोच मुलगा म्हणेल, 'वन लेडी केम टू अवर शॉप, शी सी... सॉ फिफ्टी साडीज'. तो जो 'सी'वर अडखळून 'सॉ'वर आला ना, तिथे शिकणं होतंय. अडखळला म्हणून त्याला थांबवू नका आणि शाबासकीही देऊ नका, बोलू द्या. घडी घालण्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते त्याला पहिल्या फेरीत आठवणार नाही, दुसऱ्या फेरीच्या आधी तो स्वतःहून येऊन विचारेल, तेव्हा 'फोल्ड' सांगा, तो शब्द मग जन्मात विसरणार नाही.

विषय कोणता द्यायचा हे अर्धं काम आहे. 'माय मदर', 'पोल्यूशन', 'माय एम इन लाइफ' यावर मुलांना सांगण्यासारखं काहीच नसतं, सगळे तेच पाच वाक्यं म्हणतात. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून जगभर ओळखतात त्याला. त्यात ग्रामरचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली, रेल्वेचं टाइमटेबल बघून गाडी ठरवा, नकाशा बघून रस्ता सांगा, असं. मुद्दा हा की एकाकडे माहिती आहे आणि दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलावं लागतं. तुमच्याकडे तर आयतं सामान आहे. केरळहून आयआयटी इंदूरला आलेला एक मुलगा तुमच्या गल्लीत रूम घेऊन राहतोय, हिंदी येत नाही, त्याला सकाळच्या कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा वेगवेगळा कसा टाकायचा ते इंग्लिशमध्ये समजावून सांगा. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत नंबर मिळवतंय तर त्याचा इंग्लिशच्या क्लासला तरी उपयोग होऊ दे. यात 'शुड', 'मस्ट', 'डोन्ट हॅव टू', 'इफ' सगळं आपोआप येतं, धडा न घेता. ऐकणाऱ्यानं मुद्दाम अडाणी प्रश्न विचारायचे, सेल कुठे, डायपर कुठे, जुना चार्जर कुठे, मग बघा कशी धमाल येते.

आता चूक सुधारायची कशी. आपण सगळे टीचर काय करतो, मूल म्हणतं 'शी डोन्ट लाइक इट', आपण म्हणतो 'ओके, शी डझन्ट लाइक इट', मूल म्हणतं 'यस मॅडम' आणि पुढे जातं, त्याला कळलेलंही नसतं की आपण काही सुधारलं. १९९७ मध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच शिकवणाऱ्या वर्गांमध्ये बसून हे मोजलं होतं, निम्म्याहून जास्त वेळा टीचर असंच स्वतः बरोबर वाक्य म्हणून टाकायचे, आणि मुलांकडून दुरुस्ती यायला हीच पद्धत सगळ्यात कमी उपयोगी ठरली. त्यापेक्षा 'शी...?' म्हणून थांबा. नुसतं थांबा. तीन सेकंद शांतता आपल्यालाच खाते, मुलांना नाही. येत असेल तर मूल स्वतः म्हणेल, नसेल येत तर शेजारचा म्हणेल, कुणालाच आलं नाही तर सांगा. आणि हे ग्रामरच्या वेळात, फोर-थ्री-टू चालू असताना नाही, तेव्हा चूक ऐकूनही गप्प राहायचं, हे टीचरला फार जड जातं पण करा.

हिंदी-मराठी बंद करू नका हो. बंद केली तर मुलं इंग्लिश बोलत नाहीत, गप्प बसतात, किंवा तुम्ही किचनमध्ये गेलात की कुजबुजतात. बोलायच्या फेऱ्यांत इंग्लिशच, एवढा नियम पुरे. उलट समजावताना आपल्या भाषा हाताशी आहेत त्याचा फायदा घ्या, कारण तुमच्या मुलांच्या निम्म्या चुका तिथूनच आल्यात. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' का म्हणतात? कारण मराठीत 'दोन वर्षांपासून' आणि '२०२३ पासून' दोन्हीकडे 'पासून', हिंदीत दोन्हीकडे 'से'. इंग्लिशला सुरुवात सांगायची तर 'सिन्स' लागतं आणि लांबी सांगायची तर 'फॉर', आणि वर 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, कारण राहणं अजून चालू आहे. बोर्डावर मराठी-हिंदी-इंग्लिश तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की पाच मिनिटांत काम होतं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' पण तसंच, आपण 'मी त्याला काल पाहिलंय' आरामात म्हणतो, इंग्लिशमध्ये 'काल' आलं की 'हॅव' जातं. प्रश्नांचं तेच, आपल्याकडे 'तू कुठे चाललायस' आणि 'मला माहीत नाही तो कुठे चाललाय' यात शब्दांची जागा हलत नाही, म्हणून मुलं 'व्हेअर यू आर गोइंग' पण म्हणतात आणि मग टीचर ओरडली की 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' पण म्हणतात, म्हणजे जिथे हलवायचं तिथे नाही आणि जिथे नाही तिथे हलवतात.

'ए' आणि 'द'चं मात्र आपल्याकडे काहीच नाही, ना मराठीत ना हिंदीत, त्यामुळे ते शेवटपर्यंत चुकत राहणार हे धरूनच चाला. नद्यांच्या आधी 'द', डोंगरांच्या आधी काय, ती लांबलचक यादी फेकून द्या. एकच गोष्ट महिनाभर धरा, मोजता येणारी वस्तू एकच असेल तर तिचा शब्द इंग्लिशमध्ये उघडा उभा राहत नाही, पुढे 'ए', 'द', 'माय', 'दिस' काहीतरी लागतंच. 'आय बॉट फोन' नाही. एवढं जरी बसलं तरी वाचणाऱ्याला लगेच फरक जाणवतो.

उच्चारांवर फार जीव काढू नका. अॅक्सेंट-बिक्सेंट सोडा, फक्त शब्दात जोर कुठे पडतो तेवढं बघा, 'डेव्हलप'मध्ये 'व्हे'वर, 'होटेल'मध्ये 'टे'वर. आणि हो, कुणी 'इस्कूल' म्हणालं की आपली मराठी मुलं हसतात, ते पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर ते मूल परत तोंड उघडणार नाही.

वह्यांचं आता. रात्री अकरापर्यंत तुम्ही तपासता म्हणजे मेहनत तुम्ही करताय, मुलं फक्त मार्क बघून वही मिटतात. लिखाण लहान करा, शंभर-सव्वाशे शब्द, आणि एका वहीत फक्त दोन प्रकारच्या चुका धरा, या आठवड्यात क्रियापद आणि 'ए'-'द', बाकी स्पेलिंग-बिलिंग सोडून द्या, डोळे मिटून घ्या हवं तर. चूक सुधारायची नाही, समासात नुसतं 'क्रि' किंवा 'ए' लिहायचं, ती कोणत्या शब्दात आहे ते मुलानं शोधायचं. दुसऱ्या दिवशी वर्गातच दहा मिनिटांत तोच परिच्छेद परत लिहायचा, आणि मार्क असलेच तर दुसऱ्याला, पहिल्याला काही नाही. लिखाणातल्या चुका सुधारण्याचा काही उपयोगच होत नाही असं जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लिहिलं आणि त्यावरून या विषयातले लोक वर्षानुवर्षं भांडले. मला ते टोकाचं वाटतं, पण लाल करून परत दिलेली वही, जी कुणी परत लिहीतच नाही, तिच्याबद्दल ते बरोबर बोलले.

आणि निबंध कमी करा, पत्रं-मेसेज वाढवा. तुमच्या नर्सला सुट्टीचा अर्ज लिहायला सांगा, ती काय लिहील मी आताच सांगते, 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट माय कझिन सिस्टर मॅरेज इज देअर इन उज्जैन', आणि सुट्टी कधी पाहिजे ते पाचव्या ओळीत. आपल्याला शाळेत असंच शिकवलंय, आधी पाया पडा, मग कारण सांगा, मागणी शेवटी. वाचणाऱ्याला आधी तारीख पाहिजे. दुसऱ्या खेपेला तिला सांगा की पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कारण, तिसऱ्या ओळीत तुझ्या ड्युटीचं काय. मग येतं असं, 'आय वुड लाइक टू टेक लीव्ह ऑन द ट्वेल्थ अँड थर्टीन्थ. माय कझिन इज गेटिंग मॅरीड इन उज्जैन. आय हॅव आस्क्ड अनदर नर्स टू कव्हर माय शिफ्ट.' बघा, शेवटच्या ओळीत प्रेझेंट परफेक्ट स्वतःच्या गरजेनं आला. तिथेच विचारा, 'कधी विचारलंस?' ती म्हणेल 'यस्टरडे', मग 'आय आस्क्ड हर यस्टरडे'. नर्मदेचं पाणी आलं नाही म्हणून तक्रार लिहिणं, दुकानाच्या सप्लायरला माल कमी आला म्हणून ईमेल करणं, असले विषय द्या, मुलं भांडून भांडून लिहितात.

त्या आईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नेशन यांचाच हिशोब वापरा, ते म्हणतात वेळ चार सारख्या भागांत वाटा, ऐकणं-वाचणं, बोलणं-लिहिणं, भाषेचा नेमका अभ्यास, आणि येतंय तेच वेगानं करायचा सराव. तुमच्या नव्वद मिनिटांत ग्रामरला वीस-बावीस मिनिटं येतात, ती घ्या, रोज घ्या, फक्त त्या दिवशीच्या मुलांच्या वाक्यांवर घ्या. वर्गाला ग्रामरचा फील हवाच असेल तर डिक्टोग्लॉस करून बघा, पाच-सहा वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगात दोनदा वाचायचा, मुलांनी तुटक शब्द टिपायचे आणि मग गटात बसून पूर्ण मजकूर परत उभा करायचा, शेवटी मूळ मजकूर दाखवायचा. 'हॅड' होतं की 'हॅव' यावर जी जुंपते तेवढं ग्रामर पूर्ण पुस्तकात होत नाही. आणि प्रत्येकाला शंभर पानी वही करायला लावा, डावीकडे माझं पहिलं वाक्य, उजवीकडे दुसरं, तारीख घालून. आई परत आल्या की ती वही हातात द्या.

घाई करू नका असंही त्यांना सांगा. भंवरकुआँला कोचिंग क्लासेसचे बोर्ड असतात ना, तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश, त्यावर जाऊ नका. कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ मध्ये भाषा किती येते याच्या ज्या पायऱ्या ठरवल्या त्यातली तुमची मुलं बी-वनच्या, म्हणजे मधल्या पायरीच्या आसपास दिसतात, बी-टू तिच्या वरची, आणि केंब्रिजच्या अंदाजानं बी-वनला साडेतीनशे ते चारशे तास लागतात, बी-टूला पाचशे ते सहाशे. म्हणजे मधलं अंतर दीडशे-दोनशे तासांचं. तुमचे आठवड्याला साडेसात तास होतात, हिशोब करा, पाच-सहा महिने तर नुसते वर्गाचे झाले, त्यात दिवाळी, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आणि लग्नसराई धरलेली नाही. फी महिन्याची घेत असाल तर हे पहिल्याच महिन्यात बोलून टाकलेलं बरं.

राहिली ती कॉन्व्हेंटची मुलगी. तिला छोटी टीचर करू नका, बाकीच्यांना राग येतो आणि ती कंटाळते. बोलायच्या फेऱ्यांत तिला कठीण काम द्या, समोरच्याचं ऐकून शेवटी त्याचीच गोष्ट एका मिनिटात परत सांगायची, 'ही सेड दॅट', 'ही वॉज ट्राइंग टू', असं करत. रिपोर्टेड स्पीच बोलून दाखवायला चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो. आणि तिचं लिखाण तुम्ही बाकीच्यांसारखं दोन चुकांवर थांबून नका तपासू, तिला विचारा की ही सहा वाक्यं चार करता येतील का. फाडफाड बोलणारी मुलं लिहिताना 'अँड', 'अँड', 'अँड' करत जातात, तिचीही वही उघडून बघा एकदा, तिथेही तेच दिसेल असं मला वाटतंय.